खोट्या क्षितिजाची साक्ष

१९ ऑक्टोबर २०१६, बुधवार. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला रात्रीचे सव्वाआठ वाजून गेले होते आणि मंगळ अजून नैर्ऋत्येच्या आकाशात होता. युरोपीय अवकाश संस्थेचे ‘स्कियापारेली’ हे अवतरणयान त्या वेळी मंगळाच्या विरळ हवेतून खाली येत होते. यानावरचा प्रेषक अगदी माफक शक्तीचा होता. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी त्याचा संदेश जवळून ऐकावा, एवढ्याच बेताने तो बसवला होता. तोच संदेश सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरांवरून पकडण्याचा प्रयोग खोडदच्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपवर, म्हणजे जीएमआरटीवर, चालला होता. प्रकाशाला एवढे अंतर कापायला जवळपास दहा मिनिटे लागतात. त्यामुळे खोडदला जे ऐकू येत होते ते दहा मिनिटांपूर्वी घडून गेलेले होते.

प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ही दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांतल्या १४ मधल्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या भागात आणि उरलेल्या १६ तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. शहरी रेडिओ गोंगाटापासून लांब आणि डोंगरांच्या आडोशाला असलेली जागा हवी होती, म्हणून खोडद. दूरच्या दीर्घिका आणि स्पंदक ताऱ्यांसाठी बांधलेल्या या जाळ्याला त्या रात्री एका पडत्या यंत्राचा साक्षीदार व्हायचे होते. ते यंत्र पडते आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या रात्रीची नोंद दिसायला साधी आहे. एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर वारंवारता आणि मध्ये एक बारीक रेघ. यान मंगळाच्या हवेत शिरून वेग गमावू लागले की त्याच्या लहरींची वारंवारता बदलते, म्हणून रेघेला वळण येते. रेघेत शब्द नाहीत, तापमान नाही, उंची नाही. यान बोलते आहे आणि आपल्या सापेक्ष त्याचा वेग असा असा बदलतो आहे, एवढेच ती सांगते. अवतरणाचा बराच भाग तिने नोंदवला आणि यान जमिनीला टेकण्याची अपेक्षित वेळ येण्याआधीच ती संपली.

या पुराव्याचा तोल आधी नीट पाहायला हवा. संदेश थांबला म्हणजे यान नष्ट झाले, असे या नोंदीवरून म्हणता येत नाही. प्रेषक बंद पडला असेल, अँटेनाचे तोंड फिरले असेल किंवा यान आदळले असेल. रेघ यांतल्या कोणत्याही शक्यतेची बाजू घेत नाही. मात्र ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर ती ठामपणे देते. मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मार्स एक्स्प्रेस’ यानाने स्वतंत्रपणे केलेली नोंदही अवतरण पुरे होण्याआधीच तुटली होती. एकमेकांशी संबंध नसलेले दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले की संशोधकाच्या पायाखाली जमीन येते.

पुढचा पुरावा आला तो मातृयानाकडून. ‘ट्रेस गॅस ऑर्बिटर’ने स्कियापारेलीचा मजकूर साठवून घेतला होता, सुमारे ६०० मेगाबाइट. त्यातून क्रम उलगडत गेला. पॅराशूट सुमारे १२ किलोमीटर उंचीवर, ताशी १,७३० किलोमीटर वेग असताना व्यवस्थित उघडले. उष्णताकवच ७.८ किलोमीटरांवर सुटले. इथपर्यंत सगळे ठरल्याप्रमाणे. त्यानंतर पॅराशूट वेळेआधीच सोडून दिले गेले. गती रोखणारी इंजिने सुमारे ३ सेकंदच चालली आणि बंद झाली. ती बंद झाल्यावरही यान आणखी १९ सेकंद बोलत राहिले आणि उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या जवळपास ५० सेकंद आधी गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी, २० ऑक्टोबरला, अमेरिकेच्या ‘मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर’ने यान उतरणार होते त्या पठाराचे छायाचित्र घेतले. जुन्या छायाचित्रात नसलेला सुमारे १५ मीटर रुंद आणि ४० मीटर लांब असा एक काळा डाग त्यात होता आणि त्याच्या दक्षिणेला जवळपास किलोमीटरभर अंतरावर एक पांढरा ठिपका. ठिपका पॅराशूटचा, डाग यानाचा. पहिला अंदाज असा होता की यान २ ते ४ किलोमीटर उंचीवरून कोसळले आणि ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक वेगाने आदळले. महिन्याभरात उंचीचा आकडा ३.७ किलोमीटरांवर स्थिरावला. आदळण्याचा वेग पुढे ताशी सुमारे ५४० किलोमीटर ठरला.

राहिला ‘का’. त्याचे उत्तर २३ नोव्हेंबर २०१६ च्या निवेदनात थोडक्यात आले आणि मे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशीच्या सारांशात सविस्तर. यानावर दोन प्रमुख साक्षीदार होते. एक, यान किती वेगाने गिरक्या घेते हे मोजणारे जडत्वमापक. दुसरा, जमिनीचे अंतर मोजणारा रडार. पॅराशूट उघडताना यानाला अपेक्षेपेक्षा जोरात हिसके बसले आणि जडत्वमापक आपल्या मोजमापाच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकला. सुमारे एक सेकंद तो तिथेच राहिला. त्या सेकंदभरात यान सतत त्या कमाल वेगाने फिरते आहे असे संगणकाने धरले आणि यानाच्या कलाचा त्याचा हिशेब सुमारे १६५ अंशांनी चुकला. पॅराशूटला सरळ लोंबणारे यान त्याच्या लेखी जवळजवळ पालथे झाले होते.

पुढचे त्रिकोणमितीतले आहे. रडार तिरके अंतर देतो; त्यावरून उभी उंची काढायची तर कोनाच्या कोसाइनने गुणावे लागते. कोन ९० अंशांपेक्षा मोठा असला की कोसाइन ऋण. रडार बरोबर मोजत होता, पण चुकीच्या कोनाने गुणल्यावर उंची ऋण निघाली. यान जमिनीच्या खाली आहे, असे गणित सांगू लागले. मग संगणकाने उतरलेल्या यानाने करायची कामे ओळीने उरकून टाकली: पॅराशूट सोडले, इंजिने क्षणभर चालवून बंद केली आणि जमिनीवरची उपकरणे सुरू केली.

चौकशीच्या सारांशातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन साक्षीदारांत मेळ नाही, हे यानाच्या संगणकाला कळले होते. मेळ तपासण्याची सोय त्यात होती आणि ती तपासणी ५ सेकंदांहून अधिक काळ नापास होत राहिली. रडारशिवाय उतरणे अशक्यच, असा नियम आधी ठरलेला असल्याने त्याने रडारचे आकडे तरीही हिशेबात घेतले. दुसऱ्या बाजूवर, म्हणजे आपल्याच कलाच्या अंदाजावर, त्याने शंका घेतली नाही. मिळालेली उंची शक्य कोटीतली आहे का, हे पाहणारी एकही तपासणी यानावर नव्हती. चौकशीने दोष मांडला तो याच ठिकाणी: पॅराशूटच्या हालचालींचा अंदाज तोकडा, मापक टोकाला गेल्यावर काय करायचे याची रचना अपुरी, चूक ओळखून सावरण्याची व्यवस्था कमकुवत आणि पुरवठादाराकडून घेतलेल्या उपकरणाच्या तपासणीत हयगय. संगणकाला कोणी अविचारी म्हटले नाही. त्याच्या पुढ्यात आलेल्या आकड्यांवरून त्याने काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच होता.

हे सगळे वाचताना मनात सतत दुसरी एक नोंद होती. तीही कलाची, तीही चुकलेल्या उपकरणाची. फरक एवढाच की तिथे संगणकाच्या जागी तीन माणसे होती आणि मागे २१० जण.

१ जानेवारी १९७८, रविवार. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून अंधार पडल्यावर एअर इंडियाचे ८५५ क्रमांकाचे उड्डाण दुबईसाठी निघाले. विमान बोइंग ७४७, नोंदणी व्हीटी-ईबीडी, नाव ‘सम्राट अशोक’. एअर इंडियाच्या ताफ्यातले हे पहिले जंबो. १९७१ च्या एप्रिलमध्ये ते आले होते. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी. कॅप्टन मदनलाल कुकर, वय ५१. सहवैमानिक इंदू विरमाणी, ४३. उड्डाण-अभियंता आल्फ्रेदो फारिया, ५३. पश्चिमेकडे तोंड असलेल्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून विमान उठले आणि १०१ सेकंदांनी वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरांवर समुद्रात कोसळले. कोणीही वाचले नाही.

पहिला संशय घातपाताचा आला. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत अख्खे जंबो नाहीसे होते म्हटल्यावर तो येणारच. पण तिथला समुद्र उथळ होता, जेमतेम दहा मीटर खोल, आणि अवशेषांचा काही भाग वर काढता आला. त्यांत स्फोटाची खूण नव्हती, आगीची नव्हती, यांत्रिक मोडतोडीचीही नव्हती. अवशेषांची साक्ष अशी नकारार्थी आहे. तिने एक रस्ता बंद केला, पण दुसरा उघडला नाही.

रस्ता उघडला तो दोन पेट्यांनी. एकीत उड्डाणाचे आकडे, दुसरीत कॉकपिटमधले आवाज. आकडे सांगतात की उड्डाणानंतर सुमारे मिनिटभराने, किनारा ओलांडताना, विमानाने ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळण घेतले. मग पंख क्षणभर सपाट झाले. त्यानंतर विमान डावीकडे कलू लागले आणि कलतच गेले. शेवटी कल १०८ अंशांचा. ९० अंशांना पंख समुद्राशी काटकोनात उभे राहतात. १०८ म्हणजे त्याच्याही पुढे, पाठ पाण्याकडे वळू लागलेली. नाक सुमारे ३५ अंश खाली. नियंत्रणेही डावीकडेच दिलेली होती, हातचक्राने आणि पायाच्या रडरनेही. विमान कॅप्टनच्या विरोधात वागत नव्हते, ते सांगितलेले करत होते. इथवरचे सगळे निश्चित आहे.

आता आवाज. विमान पुन्हा सपाट झाल्यावर थोड्याच वेळात कॅप्टन कुकर म्हणतात की माझ्या उपकरणांना हे काय झाले. त्यांचा रोख कृत्रिम क्षितिजावर आहे. वैमानिकांच्या बोलण्यातला ‘एडीआय’ तो हाच. त्यात एक गोल असतो, वरचा अर्धा आकाशाचा आणि खालचा जमिनीचा. मध्यरेषा म्हणजे क्षितिज आणि तिच्यावर छोट्या विमानाची खूण. रात्री समुद्रावर बाहेर दुसरे क्षितिज नसते. मुंबईचे दिवे मागे पडले की पुढे काळे पाणी आणि काळे आकाश यांत रेघ कुठली? सावकाश आलेला कल कानाच्या आतल्या संतुलन-इंद्रियालाही कळत नाही. अशा वेळी वैमानिकाला वर-खाली सांगते ते हेच उपकरण.

कॅप्टनसमोरच्या उपकरणावर त्या क्षणी नेमके काय दिसत होते, हे कोणत्याही पेटीने टिपलेले नाही. पेटीत विमानाचा खरा कल आहे आणि हाताने केलेली कृती आहे. डोळ्यांना दिसलेले नाही. म्हणून पुढचा दुवा अनुमानाचा आहे, आणि तो तसाच सांगायला हवा. उजवे वळण संपून विमान सपाट झाले तरी कॅप्टनचा गोल उजव्या कलावरच अडकून राहिला असला, तर बाकी सगळे जुळते. विमान अजून उजवीकडे कललेले दिसते, म्हणून ते डावीकडे देतात. गोल हलत नाही, म्हणून आणखी डावीकडे. खरे विमान एवढ्यात डावीकडे पार उलटत चाललेले असते. उपकरण नुसते बंद पडले असते, लाल निशाण दाखवून काळे झाले असते, तर माणसाने दुसरीकडे पाहिले असते. अडकलेले उपकरण मात्र शेवटपर्यंत एक विश्वासार्ह चित्र दाखवत राहते.

यानंतरचे विरमाणी यांचे बोलणे या साऱ्या नोंदीतले सर्वांत अवघड वाक्य आहे. माझेही उलटले आहे, अशा अर्थाचे ते बोलतात आणि त्याच दमात ठीक दिसते असेही. याचे दोन अर्थ लावता येतात. एक, त्यांचे उपकरणही खरोखर बिघडले होते. दुसरा, ते नीट चालले होते आणि विमानाचा खरा, पण अनपेक्षित, डावा कल दाखवत होते. तो पाहून त्यांनाही ते बिघडल्यासारखे वाटले. एकमेकांपासून वेगळी दोन उपकरणे एकाच क्षणी आणि एकाच बाजूला चुकावीत, हे फार दुर्मीळ. म्हणून दुसरा अर्थ अधिक संभवनीय, आणि अपघाताचे प्रचलित विश्लेषणही त्याच बाजूचे आहे. पण हे संभाव्यतेचे माप आहे, पुरावा नव्हे. एवढे मात्र खरे की त्या उत्तराचा कॅप्टनने काय अर्थ घेतला असेल, यावर २१३ जणांचे प्राण टांगले गेले. दोन्ही उपकरणे उजवा कल दाखवतात असे त्यांना वाटले असेल, तर डावीकडे देत राहण्याला त्यांच्या दृष्टीने दुजोराच मिळाला.

तिसरा आवाज फारिया यांचा. आदळण्याच्या सुमारे पाच सेकंद आधी ते कॅप्टनना दोनदा सांगतात की त्यावर जाऊ नका. ‘त्यावर’ म्हणजे बिघडलेल्या एडीआयवर, हे उघड आहे. मग जायचे कशावर? जंबोच्या मधल्या पॅनेलवर तिसरे, राखीव कृत्रिम क्षितिज असते; वळण आणि घसरण दाखवणारे वेगळे उपकरणही असते. फारिया यांतल्या कशाकडे बोट दाखवत होते, हे फितीवरून ठरत नाही. माझा तर्क असा की दोन्ही वैमानिकांची उपकरणे आणि मधले राखीव एकत्र नजरेत येण्याची संधी तिघांत त्यांनाच सर्वाधिक होती, कारण त्यांची जागा दोघांच्या मागे. खरी साक्ष विमानात होती आणि ती ओळखणारा माणूसही होता. कमी पडले ते सेकंद.

भारत सरकारच्या चौकशीने कारण ठरवले ते असे: आपला एडीआय बिघडल्यामुळे विमानाच्या स्थितीविषयी पूर्ण अनभिज्ञ असलेल्या कॅप्टनने दिलेली अतार्किक नियंत्रणे, आणि इतर उपकरणांच्या आधारे विमान ताब्यात आणण्यात आलेले अपयश. या वाक्यात उपकरणाचा बिघाड मान्य आहे, पण तो पोटवाक्यात आहे. मुख्य वाक्य कॅप्टनचे.

पुढचा कागद अमेरिकेतला. मृतांच्या नातेवाइकांनी विमानाची निर्माती बोइंग, एडीआय बनवणारी लिअर सीग्लर आणि रॉकवेलचा कॉलिन्स विभाग यांच्यावर दावे लावले. सिअॅटलच्या संघीय न्यायालयाच्या १९८२ च्या निकालात आधी एक वेगळाच प्रश्न सोडवावा लागला. खुल्या समुद्रावरील मृत्यूंसाठीचा १९२० चा अमेरिकी कायदा वांद्र्यासमोरच्या, म्हणजे भारताच्या सागरी हद्दीतल्या, पाण्याला लागू होतो का? न्यायालयाने होतो म्हटले. मुख्य निकाल १ नोव्हेंबर १९८५ चा. न्यायाधीश जेम्स फिट्झगेराल्ड यांनी तिन्ही कंपन्यांवरचा निष्काळजीपणाचा आरोप फेटाळला.

भारतीय चौकशी बिघाड धरून चालते आणि अमेरिकी न्यायालय उत्पादकांना मुक्त करते. पहिल्या वाचनात ही विसंगती वाटते. पण दोघांपुढचे प्रश्न निराळे होते. चौकशीला विचारले होते, काय घडले असावे? न्यायालयाला विचारले होते, अमुक कंपनीची हयगय सिद्ध झाली का? दावा फेटाळला म्हणून उपकरण शाबूत होते असे ठरत नाही. चौकशीने बिघाड म्हटला म्हणून तो कारखान्यात रुजला होता असेही नाही. दोन्ही कागद आपापल्या चौकटीत वाचले तर एकमेकांना खोडत नाहीत.

विमान सुटण्याआधी हे कळले असते का? प्रत्येक उड्डाणापूर्वी कॅप्टन विमानाचा टेक लॉग उघडतो. मागच्या फेरीत कोणी काय दोष लिहिला, अभियंत्याने काय केले, सही कोणाची, ते पाहतो. दोष उरला असेल तर तो एमईएलमध्ये, म्हणजे किमान उपकरणांच्या मंजूर यादीत, बसतो का हे तपासले जाते. बसला तर ठरलेल्या अटींवर विमान जाऊ शकते. नाही बसला तर ते जागचे हलत नाही. पण जमिनीवर उभे विमान सपाट असते आणि सपाट विमानात फक्त वळणात अडकणारे क्षितिजही सपाटच दिसते. धावपट्टीकडे जाताना विमान वळते, पण कलत नाही. अशा दोषाचा पहिला कस हवेतल्या पहिल्या वळणावर लागतो. ‘सम्राट अशोक’च्या बाबतीत आकडे आणि आवाज दोन्ही त्याच क्षणाकडे बोट दाखवतात.

आणि दोष आधी लिहून ठेवलेला असला तरी? त्याचे उत्तर २२ डिसेंबर १९९९ च्या रात्री लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर मिळाले. कोरियन एअरचे मालवाहू ७४७, उड्डाण ८५०९, मिलानसाठी निघणार होते. ताश्कंदहून येतानाच कॅप्टनच्या एडीआयमध्ये कल नीट दिसत नसल्याचे आधीच्या चमूने पाहिले होते आणि तसे कळवलेही होते. स्टॅनस्टेडला अभियंत्यांनी काम केले, दर्शकाच्या जोडणीत एक दोष सापडला, तो दुरुस्त झाला, दर्शकाची चाचणी घेतली गेली आणि ती पास झाली. खरा दोष मात्र दर्शकाला कल पुरवणाऱ्या जडत्व-एककात होता. उड्डाणानंतर ५५ सेकंदांत विमान डावीकडे जवळजवळ उभे कलून जंगलात कोसळले, चौघेही गेले. त्या विमानात दोन क्षितिजांतली तफावत ओळखणारा इशारा वाजला होता. उड्डाण-अभियंत्याने कलाविषयी सावध केले होते. सहवैमानिक काहीच बोलला नाही, कॅप्टनने विमान सावरले नाही. ब्रिटिश चौकशीने दुरुस्तीच्या व्यवस्थेवर आणि कॉकपिटमधल्या प्रशिक्षणावर बोट ठेवले. वांद्र्याच्या समुद्रातल्या त्या रात्रीला तेव्हा बावीस वर्षे होत आली होती.

आता खोडदच्या रेघेकडे आणि २०१७ च्या त्या सारांशाकडे पुन्हा पाहिले तर १९७८ च्या निष्कर्षातला ‘अतार्किक’ हा शब्द टिकत नाही, असे माझे मत आहे. स्कियापारेलीने आणि कॅप्टन कुकर यांनी जवळजवळ एकच चूक केली: कल सांगणाऱ्या एका साक्षीदारावर विश्वास ठेवला आणि त्याच्याशी न जुळणारी साक्ष आल्यावरही त्याच्यावर शंका घेतली नाही. यंत्राच्या बाबतीत चौकशीने विचारले की तपासणीची सोय का नव्हती, नियम असा का ठरवला, मापकाची मर्यादा कोणी पारखली. माणसाच्या बाबतीत त्याच्या कृतीवर एक विशेषण लावले गेले. डोळ्यांपुढे उजवा कल असताना डावीकडे देणे यात अतार्किक काहीच नाही. प्रत्येक वैमानिकाला तेच शिकवलेले असते. चूक झाली ती मधल्या पॅनेलवरची तिसरी साक्ष वेळेत न विचारण्यात, आणि ती चूक एकट्या कॅप्टनची नव्हती.

माझ्या मताविरुद्धचा पुरावाही सांगतो. कुकर अनुभवी होते. उपकरणात गडबड आहे हे सर्वांत आधी त्यांच्याच तोंडून निघाले. ज्याला गडबड कळली त्याने तत्क्षणी राखीव क्षितिज पाहायला हवे होते, हा आक्षेप रास्त आहे, आणि इतर उपकरणे वापरली गेली नाहीत हे चौकशीचे म्हणणे खोडता येत नाही. पण ते वाक्य उठले तेव्हा १०१ सेकंदांतले बहुतेक सेकंद संपले होते. स्कियापारेलीच्या संगणकाला ५ सेकंद पुरले नाहीत. त्याच्यावर अंधाराचे, घाईचे किंवा सोबत्याच्या धूसर उत्तराचे कसलेच दडपण नव्हते.

एक विनंती. स्कियापारेलीचा शेवट आपल्याला एवढा नीट कळतो, कारण त्याच्या अवतरणाचे सहाशे मेगाबाइट राहिले आणि खोडदची ती रेघ राहिली. सत्तरच्या दशकात सांताक्रूझच्या हँगरमध्ये किंवा कालिन्याच्या कार्यशाळांत जंबोवर काम केलेली माणसे आज मुंबई, ठाणे, पुण्याच्या घरांत आहेत. त्यांच्या कपाटांत त्या काळच्या प्रशिक्षणाच्या वह्या, उपकरणांची माहितीपत्रके, ड्यूटीचे तक्ते, चौकशीच्या वेळची कात्रणे असतील. ती रद्दीत घालू नका. एखाद्या पुराभिलेखागाराला किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्या आणि कागद कोणाचा, कोणत्या साली, कशासाठी लिहिला, एवढे त्याच्या मागे पेन्सिलीने नोंदवून ठेवा.